गोष्टींचा गट, सोलापूर: प्रकल्पाच्या नोंदी

१४ जुलै २०२५

बायकांनी जमून गोष्टी सांगायच्या-ऐकायच्या, त्या गटाला जागा मिळाली एकदाची. पूर्व भागातलं समाजमंदिर, दोन पंखे, त्यातला एक चालतो. येणाऱ्या बायका बहुतेक विडी वळणाऱ्या, दोघी-तिघी टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जातात. यांचा दिवस असा की सकाळी वळलेल्या विड्या कारखान्यात जमा करायच्या, पान-तंबाखू घेऊन यायचं, स्वयंपाक उरकायचा आणि मग सूप मांडीवर घेऊन जे बसायचं ते रात्रीपर्यंत. म्हणून वेळ दुपारी चारची ठरवली आणि सूप घेऊनच या असं सांगितलंय. हात चालू राहिले तरच येतील, एका तासात किती विड्या बुडतात याचा हिशोब प्रत्येकीच्या डोक्यात पक्का असतो.

हे का करतोय ते एकदा लिहून ठेवते, नंतर अहवाल लिहिताना शोधाशोध नको. समुपदेशनाच्या खुर्चीत बसवून 'तुम्हाला कसं वाटतं' विचारलं की इथली बाई 'बरं हाय' म्हणते आणि विषय मिटतो, पण तिलाच गोष्टीतल्या सासुरवाशिणीला कसं वाटलं असेल असं विचारा, अर्धा तास थांबत नाही. दुसरं म्हणजे या बायका दुसऱ्याच्या दुःखाला लगेच धावतात आणि स्वतःच्या बाबतीत भयंकर कडक, 'माझंच नशीब फुटकं', 'मलाच जमत नाही', हे सतत. क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये स्वतःवरच्या मायेचे तीन भाग मांडले: स्वतःला टोचून न बोलणं, हे दुःख आपल्या एकटीच्याच वाट्याला आलेलं नाही हे कळणं, आणि दुखतंय ते ना दाबता ना फुगवता बघणं. आम्हाला या तिन्ही गोष्टी व्याख्यान न देता करायच्यात.

नियम थोडेच. इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, नोंदीतही नावं नाहीत. आणि गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारायचं नाही. शाळेनं आपल्याला सवय लावलीय, गोष्ट संपली की 'यावरून काय बोध घ्याल', की झालं, माणूस लगेच शहाण्यासारखं बोलायला लागतो आणि खरं बोलणं बंद.

घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, कुणाचं माहेर अक्कलकोटच्या पुढचं म्हणून कन्नड, दोघी दखनी बोलणाऱ्या. माझी सहकारी तेलुगू घरातली आहे म्हणून निभेल. गोष्ट ज्या भाषेत येईल त्या भाषेत येऊ द्यायची, मग कुणीतरी सांगेलच दुसरीला.

आणि हे उपचार नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावलाय, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीचे वार पण विचारून आलोय.

२८ जुलै २०२५

पहिला श्रावणी सोमवार, त्यामुळे गोष्ट निवडावी लागलीच नाही, खुलभर दुधाची कहाणी. चष्म्याच्या आजींनी सांगितली, त्यांचं माहेर मोहोळकडचं, सांगायला लागल्या की मध्ये पाणी पण पीत नाहीत. राजाला गाभारा दुधानं भरायचा होता, दवंडी पिटली, घरातलं सगळं दूध देवळात आणा. लोकांनी धाकानं वासरांचं तोडलं, पोरांचं तोडलं, सगळं नेऊन ओतलं, गाभारा काही भरेना. दुपारी एक म्हातारी आली, घरचं आवरून, मुलाबाळांना खाऊ घालून, लेकीसुनांना न्हाऊ घालून, गाईवासरांना चारा घालून, त्यांचा आत्मा थंड करून, मग खुलभर दूध घेऊन. ओतलं आणि गाभारा भरला.

सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट, त्यामुळे माना डोलल्या. मग शिलाईला जाणाऱ्या पोरीनं मध्येच विचारलं, "म्हातारीनं काय खाल्लं?"

"सगळ्यांना घातलं म्हणजे ती पण खाल्लीच असंल की," आजी.

"कहाणीत कुठं हाय ते? पोरं हायत, सुना हायत, वासरं हायत. म्हातारी कुठाय?"

आजींनी परत पहिल्यापासून मनातल्या मनात कहाणी म्हणून बघितली, ओठ हलत होते, आणि म्हणाल्या, "नाही बाई. नाही म्हणलेलं."

यावर जी काय चर्चा पेटली. एक अक्का म्हणाल्या, मी कुठं ताट घेते, सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभ्यानंच, पातेल्याला लागलेली आमटी भाकरीच्या तुकड्यानं पुसून घ्यायची, झालं जेवण. दुसरी म्हणाली, मी पण. मग हात वर करायला लागल्या, हसत हसत, कोण पातेल्यात जेवतं, कोण झाकणात जेवतं, एक जण म्हणाली मी पोराच्या उष्ट्या ताटातच, ताट धुवायचा त्रास वाचतो. आम्ही दोघी काही बोललो नाही. आजी शेवटी जरा चिडूनच म्हणाल्या, "आता म्हातारीला पण प्यायला द्या की गं, किती बोलताय." मग तिथल्या तिथं कहाणीत भर पडली: म्हातारीनं गाईवासरांचं केलं, चुलीपाशी बसली, वाटीभर दूध प्यायली, उरलं ते खुलभर घेऊन निघाली.

सहकारी म्हणते हे रेकॉर्ड व्हायला पाहिजे होतं. व्हायला पाहिजे होतं खरं, पण मोबाईल काढला असता तर पातेल्याचं बोलणं निघालं नसतं असं मला वाटतं. परवानगी घेऊन, पुढच्या महिन्यापासून.

४ ऑगस्ट २०२५

दुसरा सोमवार, तिळाची शिवामूठ. मागच्या वेळची ती शिलाईवाली आठवडाभर कहाणीचं जुनं पुस्तक उलटत बसलेली, शिवामुठीची कहाणी घेऊन आली. राजाच्या तीन सुना आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं जेवायला, जाडंभरडं नेसायला, गुरांच्या बेड्यात राहायला. रानात तिला नागकन्या-देवकन्या भेटतात, वसा सांगतात.

तिनं बोट ठेवून एकच ओळ वाचली. जावानणंदांनी उष्टंमाष्टं दिलं, ते हिनं गाईला घातलं, शिवाची आराधना केली, आणि दूध पिऊन निजली.

"बघा. प्यायली."

मी ही कहाणी लहानपणापासून ऐकतेय, आईच्या मांडीवर ऐकलीय, आणि ते दूध पिऊन निजणं कधी कानावर पडून पण ऐकू आलं नव्हतं. कहाणी पुढं निघून जाते देवळाकडं, रत्नांच्या खांबांकडं, सासरा खूश होतो, नावडती आवडती होते, संपलं. तो शेवट आम्हाला अडचणीचाच होता, म्हणूनच ही कहाणी यादीत घेतली नव्हती, कारण बाईची किंमत शेवटी सासऱ्याच्या मर्जीवरच ठरते त्यात. पण मधल्या त्या एका ओळीत बाई काय करते, दिलेलं उष्टं खात नाही. भांडत पण नाही. गाईला देते, स्वतः दूध पिते, झोपते. तेव्हा तर ती अजून नावडतीच आहे.

आज सगळ्यात जास्त वेळ झोपेवरच बोलणं झालं. दुपारी पाच मिनिटं आडवं झालं की अपराध्यासारखं वाटतं म्हणे. एक अक्का म्हणाल्या, मी तर झोपले तरी बाहेर चपलांचा आवाज आला की उठून बसते आणि सूप ओढते पुढ्यात, कुणी बघायला नको.

७ ऑगस्ट २०२५

बायकांची स्वतःवरची माया मोजायच्या फॉर्मचा विषय निकालात काढला. नेफ यांच्या मूळ प्रश्नावलीत २६ वाक्यं आहेत, प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे. भाषांतर करून दोघींवर वापरून बघितली. पहिली म्हणाली, तुम्हीच टाका बरं दिसंल ते. दुसरीनं सगळीकडं पाच. आम्हाला कॉलेजचा पेपर लिहायचा नाहीये. त्याऐवजी दारात चिंचोक्यांचं डबडं आणि वाट्या ठेवल्यात. आज मन किती जड आहे तेवढे चिंचोके आपल्या वाटीत, जाताना वाटलं तर काढायचे, वाटलं तर घालायचे. कुणी मोजत नाही. वाटी जाता-येता जिची तिला दिसते, पुरे आहे.

१८ ऑगस्ट २०२५

आज भिंतींची गोष्ट. ही इथली नाही, तमिळ मुलखातली, ए. के. रामानुजन यांनी देशभरच्या लोककथा गोळा केल्या त्यात आहे. एक विधवा म्हातारी, दोन मुलगे, दोन सुना, चौघंही छळायचे, आणि तिला सांगायला कुणी नाही. मनातलं मनात ठेवून ती फुगत चालली, जाड जाड होत गेली, मग त्यावरूनही चिडवायला लागले. एक दिवस घर सोडून चालत सुटली, गावाबाहेर एक पडकं घर, छप्पर नाही, नुसत्या चार भिंती. आत गेली आणि एका भिंतीला मोठ्या मुलाचं गाऱ्हाणं सांगितलं, ती भिंत कोसळली. दुसरीला मोठ्या सुनेचं, ती पण कोसळली. तिसरी, चौथी. ढिगाऱ्यात उभी राहिली तर अंग हलकं झालेलं, मन पण.

सहकारीनं तेलुगूत सांगितली, मी मराठीत, आळीपाळीनं. संपल्यावर कुणी बोलेना. सुपातल्या कात्रीचा आवाज तेवढा. मग एकीनं, इतके दिवस जी नुसती ऐकत होती, हातातलं पान खाली ठेवलं आणि उठून बाहेर गेली. आम्हाला वाटलं गेली घरी. ती मागच्या कंपाऊंडच्या भिंतीपाशी उभी होती, भिंतीकडं तोंड करून बोलत होती, तेलुगूत, हळू. आम्ही कुणी जवळ गेलो नाही. परत आली, पान उचललं, म्हणाली, "पडली नाही." सगळ्या हसल्या, ती पण हसली.

जाताना मात्र तिनं आपल्या वाटीत चिंचोके वाढवले. ते बघून सहकारी घाबरली. मला ते अपेक्षित होतं थोडं. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहायला लावलं होतं, त्यात पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या पण लिहून उठल्याउठल्या मात्र मन जास्तच खिन्न व्हायचं. म्हणजे गोष्टीत भिंत लगेच पडते, माणसात पडत नाही, आधी जड वाटतं. हे पुढच्या वेळी सगळ्यांना सरळ शब्दांत सांगायचं, नाहीतर घरी जाऊन वाटायचं की बोलून चूक केली.

२० ऑगस्ट २०२५

भिंतीशी बोललेल्या त्या ताईंना सहकारी घरी भेटून आली. बरीच रात्र झोप नाही, महिनोन् महिने, जेवण जात नाही, आणि 'नकोच हे सगळं' असं वाटणं, ते पण बरेचदा. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का हे तिनं सरळच विचारलं, विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट बाईला सुटल्यासारखं होतं. सिव्हिलला सोबत जायचं ठरलं आणि मधल्या काळात घरात कुणाला सांगून ठेवायचं ते त्यांनीच ठरवलं, नणंद. गटात यायचं का हे त्यांच्यावर. गोष्टीचं काम दारापर्यंत आणणं, पुढं डॉक्टर लागतो तिथं डॉक्टरच. गोळ्या घेणाऱ्या बाईला गोष्टीनं बरं करतो म्हणणाऱ्या माणसापासून लांब राहावं हे माझं स्पष्ट मत.

८ सप्टेंबर २०२५

गणपतीत दोन आठवडे सुट्टी. आज थोड्याच आल्या, मोदकांच्या आणि मिरवणुकीच्या गप्पा, गोष्ट नाही. चालतं. सिव्हिलला गेलेल्या ताई आल्या होत्या, औषध सुरू आहे, दुपारी झोप येते म्हणाल्या. "दूध पिऊन निजा," कुणीतरी मागून.

२९ सप्टेंबर २०२५

मागचा आठवडा सगळा पाण्याचा. सीनेला असा पूर आजींनी पण बघितला नव्हता, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरकडची गावं पाण्यात, शेतातली मातीच वाहून गेली. शहरात आपलं तळमजल्यात पाणी आलं तेवढंच, पण गटातल्या तिघींची माहेरं तिकडं. आज त्या येणार नाहीत असं धरलेलं, आल्या. एक म्हणाली घरी बसून फोनकडं बघण्यापेक्षा इथं बरं.

गोष्ट ठरवलेली नव्हती. बरोबर आलेल्या नातीनं चिऊ-काऊची काढली, पोरांना काय कळतं, काऊचं घर होतं शेणाचं, चिऊचं घर होतं मेणाचं, मोठ्ठा पाऊस आला आणि काऊचं घर गेलं वाहून. मी मध्ये पडणार तेवढ्यात माहेर बुडालेल्यातली एक म्हणाली, "सांगू दे तिला. पण आमच्या भावाचं शेणाचं नव्हतं. सिमेंटचं होतं. तरी गेलं."

मग तिनं सांगितलं. भाऊ फोनवर सारखा एकच म्हणतोय, नदीकाठी बांधायलाच नको होतं, माझीच अक्कल गेली, सगळ्यांना सांगत सुटलाय. बाप तिथंच राहिलेला, आजा तिथंच राहिलेला, जमीन तिथंच, तो बांधणार कुठं होता. पण पूर आला तर दोष नदीला नाही, पावसाला नाही, ह्याला. मला गंमत अशी वाटली, गंमत म्हणजे वाईट अर्थानं, की ही गोष्ट आपण दोन-तीन वर्षांच्या पोराला पहिल्यांदा सांगतो आणि त्यात हेच आहे, ज्याचं घर गेलं तो आळशी असणार, त्यानं शेणाचंच बांधलं कशाला.

अक्का म्हणाल्या, "मेण कुठनं आणायचं कावळ्यानं? कोण देतंय त्याला मेण?"

दुसरी बाजू पण निघाली. दार न उघडणाऱ्या चिऊला सगळ्यांनी नावं ठेवली, 'थांब माझ्या बाळाला तीट लावते' म्हणून भिजत ठेवलं बिचाऱ्याला, तर शिलाईवाली चिडली. "तिचं बाळ खरंच होतं की. अंघोळ खरंच घालायची होती. सगळ्यांसाठी लगेच दार उघडायचं असा काय नियम हाय? आमच्याकडं रोज एक कावळा उभा असतोय दारात." दोन गट पडले, चांगलंच वाजलं. माझ्या मते दोन्ही बरोबर होत्या आणि मी तसं म्हणाले नाही. शेवटी नातीलाच विचारलं आता काय करायचं, ती म्हणाली काऊला टॉवेल द्यायचा. सोलापूरची पोरगी, दुसरं काय सुचणार.

भावाला फोनवर काय म्हणायचं हे मात्र सगळ्यांनी मिळून ठरवलं. उपदेश नको. "मेण कुठनं आणणार होतास" एवढंच म्हणायचं.

१३ ऑक्टोबर २०२५

दिवाळीआधीची शेवटची बैठक झाली, आता थोडं गोष्टींच्या निवडीबद्दल, कारण दुसऱ्या एका ग्रुपवाल्यांनी यादी मागितली आणि मला ती द्यावीशी वाटेना.

लोककथा म्हणजे आपोआप मायाळू, असं काही नाही. आपल्याकडच्या कितीतरी गोष्टींत सोसणाऱ्या बाईला शेवटी बक्षीस आणि तोंड उघडणाऱ्या बाईला शिक्षा. सवत, सावत्र आई, वांझ, पांढऱ्या पायाची, हे सगळं त्यात भरलेलं आहे आणि ज्या बाईला हे शब्द घरात ऐकावे लागलेत तिच्यापुढं ती गोष्ट नुसती वाचून दाखवली तर जखमेवर मीठ. म्हणून आम्ही आधी आपसात सांगून बघतो, कोणाच्या बाजूनं गोष्ट उभी आहे ते बघतो. आणि तरी कधी कधी अशाच गोष्टीत एखादी ओळ सापडते, दूध पिऊन निजली सारखी, म्हणून सरसकट टाकून पण देता येत नाही. तेव्हा यादी देण्यात अर्थ नाही. तीच म्हातारी-भोपळ्याची गोष्ट एका गटात नुसती मजा आणि दुसऱ्या गटात 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन' ऐकून एखादी रडायला लागते कारण लेकीनं यायला नको म्हणलंय. माणसं बघून गोष्ट.

आणखी एक बघितलं. काहीजणींना कुणी मायेनं बोललेलं सहन होत नाही. 'किती केलंस गं तू पोरांसाठी' असं कुणी म्हणलं की एक ताई ताडकन उठतात, पाणी प्यायला, कामाला. पॉल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी यावर लिहिलंय, जी माणसं टोचणीतच वाढली त्यांना मायेचीच भीती वाटते. अशांना सरळ माया नको, गोष्टीतल्या बाईला करू द्या, तिच्यामागून जरा जरा येतात.

१० नोव्हेंबर २०२५

आज गोष्ट नाही, ओव्या. जातं कुणाच्याच घरी चालत नाही आता पण आजींना सीतेच्या सासुरवासाच्या ओव्या येतात. अर्थ असा की सीतेला सासुरवास झाला तो तिच्या केसांइतका, मोजता न येणारा, मग तो तिच्या सयांना वाटून दिला, देशोदेशी, प्रत्येकीच्या वाट्याला थोडा थोडा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रभरच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाच्या वर आहेत, त्यात सीता पुन्हा पुन्हा येते. नेफ बाईंचा दुसरा मुद्दा, दुःख आपल्या एकटीचं नाही, तो आमच्या आजीबायांनी जात्यावर बसून सांगून ठेवलाय आणि मला विचाराल तर जास्त चांगला सांगितलाय, कारण यात नुसतं 'सगळ्यांनाच असतं' नाही. 'सगळ्यांनाच असतं' हे तर सासूपण म्हणते, गप्प बसवायला. ओवीत वाटा आहे. सीतेचं ओझं कमी व्हावं म्हणून माझ्याकडं आलंय असं त्यात आहे.

पातेल्यात जेवणाऱ्या अक्का त्यावर जे बोलल्या ते तसंच उतरवते, परवानगी घेतलीय. "कारखान्यात माल दिला की तो छाट काढतोय, ही जाड झाली, ही वाकडी, हिचं तोंड नीट नाही, बाजूला. वाईट वाटतं, पण तो दिवसातनं एकदाच काढतोय. माझ्या डोक्यात एक बसलाय, तो दिवसभर छाट काढालाय. हे बोललीस ते वाकडं, ते केलीस ते जाड. त्याला कधी सुट्टीच नाही." मग थोडं थांबून, "त्याला पण कुणी पगार देत नसंल म्हणा."

एवढं हसलो की बाहेरून पोरं बघायला आली. आता गटात 'आज छाटवाला आलाय का' असं विचारतात एकमेकींना. आम्ही दोघींनी मिळून महिनाभर डोकं खाजवलं असतं तरी हे सुचलं नसतं.

८ डिसेंबर २०२५

पैसे देणाऱ्यांकडून विचारणा, परिणाम काय झाला. चिंचोक्यांचा आलेख निघत नाही. खरं सांगायचं ते सांगितलं: बायका येतात, पावसात पण आल्या, एक जण दवाखान्यापर्यंत पोचली, तिघींनी मोठ्या आवाजात सांगितलं की त्या आता ताट वाढून घेतात, बसून. कुणाचा नवरा सुधारला नाही, विडीचा दर वाढला नाही. रात्री जागून विड्या वळणाऱ्या बाईला मजुरी पुरेशी मिळाली असती तर तिची निम्मी टोचणी तशीच गेली असती, ते काम गोष्टीचं नाही आणि आम्ही तसं भासवणार पण नाही.

५ जानेवारी २०२६

गड्ड्याचं, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचं वातावरण. होम मैदानावर पाळणे उभे राहायला लागलेत, घराघरात पांढरे बाराबंदी धुऊन वाळत घातलेत. कुंभारकन्येची गोष्ट आम्ही मुद्दाम काढणार नव्हतो, बायकांनीच काढली, सोलापुरात जानेवारीत दुसरी गोष्ट कोण सांगणार.

सिद्धरामेश्वरांच्या आश्रमापुढं रोज सडा-रांगोळी करणारी कुंभाराची मुलगी, तिनं लग्नाची इच्छा धरली. ते योगी, लग्न करणार नव्हते, म्हणून योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. त्याच लग्नाच्या अक्षता भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी पडतात, नंदीध्वजांवर, सगळं शहर लोटतं. आणि दुसऱ्या दिवशी होमाच्या विधीत ती अग्नीत जाते, बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून.

हा शेवट मला कठीण जाणार होता. गटात एकजण अशी आहे जिनं एकेकाळी रॉकेलचा डबा हातात घेतला होता. तिला आधी बाजूला घेऊन विचारलं, आज ही गोष्ट चालेल का. म्हणाली, "मी दरवर्षी जाते यात्रेला. चालंल. पण होमापर्यंत नको." गटातही हाच सूर निघाला. आजींनी ठणकावून सांगितलं, देवाची गोष्ट बदलायची नाही, ती चिऊ-काऊ नव्हे. ठीक, बदलायची नाही, पण कुठं उभं राहायचं ते आपण ठरवू शकतो. सगळ्याजणी सड्या-रांगोळीपाशी उभ्या राहिल्या. ती पोरगी रोज पहाटे काय विचार करत असेल, इच्छा सांगायला तिला धीर कुठनं आला, नाही म्हणल्यावर घरी जाताना वाटेत काय वाटलं असेल.

नवऱ्यानं टाकलेल्या एक ताई, फारच कमी बोलणाऱ्या. "अक्षता टाकताना मला दरवर्षी रडू येतंय. लोकांना वाटतंय भक्तीनं. तिनं मागितलं एक आणि मिळालं एक, आणि तरी बघा, अख्खं गाव तिच्या लग्नाला आलंय."

यावर कुणी काही जोडलं नाही. मी पण जोडत नाही.

१९ जानेवारी २०२६

पुढचं नियोजन. कुंभारीच्या विडी घरकुलातून निरोप आलाय, तिकडं पण गट पाहिजे. गोदूताई परुळेकर वसाहत दहा हजार घरांची, तिथनं इथं रिक्षानं यायचं म्हणजे बायकांना परवडत नाही, आपणच तिकडं जायला लागणार. गट अक्का आणि शिलाईवाली मिळून घेणार, आम्ही दोघी पहिल्या महिन्यात नुसत्या मागं बसणार. दोघींना तीन गोष्टी नीट शिकवायच्यात: कुणी जिवाचं बोललं तर काय विचारायचं आणि कुणाला फोन करायचा, गोष्ट मध्येच थांबवायची कशी, आणि दुसरीचं ऐकलेलं घरी जाऊन नवऱ्याला न सांगणं. तिसरी सगळ्यात अवघड, हे शिलाईवालीचं मत.

रेकॉर्डिंगपैकी तेलुगू गोष्टी उतरवून काढायला माणूस पाहिजे, तेलुगू लिपी येणारं, सोलापुरी तेलुगू समजणारं. आजींच्या ओव्या आधी, त्यांचा आवाज सध्या बरा आहे आणि उन्हाळ्यात त्या लेकीकडं जातात. चिंचोके संपत आलेत, पोरं खेळायला नेतात, नवीन आणायचे. कुंभारीला पहिली बैठक गुरुवारी चारला, पहिली गोष्ट काय घ्यायची यावर दोघींचं अजून भांडण चालू आहे.